गावात व्याख्यानमाला भरवायचीय? परवानगी, खर्च, विषय आणि रिकाम्या खुर्च्यांचा हिशेब

तालुका प्रतिनिधी

गणपती मंडळं, तरुण मंडळं आणि एक-दोन वाचनालयं, सगळ्यांनी गेल्या काही महिन्यांत एकच गोष्ट विचारली. गावात दोन-तीन दिवसांची व्याख्यानमाला घ्यायची आहे, सुरुवात कुठनं करायची? प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळी माहिती एका जागी देतोय. लेख जपून ठेवा, गावच्या ग्रुपवर टाका.

आधी आमच्या गावची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चार दिवसांची माला ठेवली. मंडप घातला, दोनशे खुर्च्या मांडल्या, पत्रिका छापल्या. पहिल्या दिवशी समोर माणसं अकरा, त्यातली तीन मंडपवाल्याची. वक्ते कोल्हापूरकडनं एस.टी.नं आलेले. त्यांनी अकरा माणसांपुढं सव्वा तास मन लावून भाषण केलं आणि चहा घेऊन शेवटच्या गाडीनं गेले. आम्ही पारावर बसून लोकांनाच नावं ठेवली. लोकांना आता चांगलं ऐकायला नको, नाचगाणं पाहिजे, वगैरे.

खरं कारण दुसऱ्या दिवशी उसाला पाणी पाजताना कळलं. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची होती. निम्मं गाव मोटर चालू करायला रानात गेलेलं. आणि उरलेल्यांत बायका होत्या. त्यांना यायचं होतं, पण आम्ही वेळ ठेवली होती साडेसातची, म्हणजे ऐन भाकरी थापायची. दोष लोकांचा नव्हता, आमच्या पत्रिकेचा होता.

ही पद्धत आपल्याला नवी नाही

व्याख्यानमाला म्हटलं की पुणं डोळ्यापुढं येतं, आणि ते बरोबरही आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पण लोकांना एकत्र बसवून विचार सांगायचं काम शहराच्या आधीपासून खेड्यात कीर्तनकार, भारूडवाले, गोंधळी करतच होते. महात्मा फुल्यांनी 1873 ला सत्यशोधक समाज काढला, आणि पुढं त्याचा विचार गावोगाव पोचवला तो सत्यशोधकी जलशांनी. ढोलकी तमाशाची, पण बोलणं शाळेबद्दल, सावकाराबद्दल, भटजीच्या दक्षिणेबद्दल. नंतर आंबेडकरी जलसे निघाले. गाडगेबाबा तर कीर्तनात समोरच्या माणसालाच प्रश्न विचारायचे आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. आजचा वक्ता तासभर एकटाच बोलतो आणि लोक जांभया देतात, तेव्हा मला हटकून बाबांची ती पद्धत आठवते.

आपला सांगली जिल्हा तर या बाबतीत श्रीमंत आहे. विष्णुदास भाव्यांनी 5 नोव्हेंबर 1843 ला 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीत, म्हणून तो दिवस मराठी रंगभूमी दिन. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. काळू-बाळूंचा तमाशा कवलापूरचा. क्रांतिसिंह नाना पाटलांची सभा तर आपल्या आजोबांच्या पिढीसाठी व्याख्यानमालाच होती. रानातल्या भाषेत बोलायचे, आणि हजारो माणसं ऐकायची.

पण मला सगळ्यात जवळचं उदाहरण वाटतं ते पलूस तालुक्यातल्या औदुंबरचं. कवी सुधांशू आणि म. भा. भोसले यांनी सदानंद सामंत या अकाली गेलेल्या आपल्या मित्राच्या नावानं 1939 साली तिथं सदानंद साहित्य मंडळ काढलं. तेव्हापासून मकर संक्रांतीला कृष्णाकाठी तिथं साहित्य संमेलन भरतं. जागा, दिवस आणि मित्राचं नाव, तिन्ही ठरलेलं. तारीख संक्रांतीची असल्यामुळं कुणाला पत्रिकेची वाट बघावी लागत नाही. गाव छोटं असताना एवढी वर्षं कार्यक्रम टिकला, त्यात या ठरलेल्या तारखेचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे.

तारीख आणि वेळ

म्हणून पहिलं काम, तारीख. तीसुद्धा गावच्या कामाच्या हिशेबानं. द्राक्षपट्ट्यातल्या गावानं ऑक्टोबर छाटणीच्या आसपास काही ठेवू नये. माणूस फवारणीतनं वर बघत नाही. ऊसपट्ट्यात कारखाना सुरू झाला की तोड कधी येईल ते देवाला माहीत. गावची जत्रा, शेजारच्या गावची जत्रा, लग्नाची दाट तिथी, दहावी-बारावीची परीक्षा, हे सगळं कॅलेंडरवर खुणा करून बघा. आणि वायरमनला विचारून त्या आठवड्याची शेतीची लाईट दिवसाची आहे का रात्रीची ते पक्कं करा. हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं सापडणार नाही, पण आमचा कार्यक्रम यावरच पडला.

वेळ रात्री साडेआठच्या पुढं किंवा दुपारी तीन ते पाच. दुपारची वेळ ठेवली तर बायका आणि म्हातारी माणसं जास्त येतात, रात्री गडीमाणसं. तीन दिवसांची माला असेल तर एक दिवस मुद्दाम दुपारचा ठेवा. बायकांनी देवळाच्या भिंतीआड उभं राहून ऐकायचं आणि पुढच्या खुर्च्या पुढाऱ्यांसाठी रिकाम्या, हे चित्र बघून आता कंटाळा आलाय.

मोबाईलचं काय, असंही बरेच जण विचारतात. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावानं 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी 7 ला देवळावरचा भोंगा वाजवून टीव्ही-मोबाईल बंद करायचं ठरवलं. दीड तासानं दुसरा भोंगा. तेवढ्या वेळात पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं-बोलायचं. ही गोष्ट देशभर गाजली. आपण निदान तीन दिवसांपुरता तरी असा भोंगा लावून बघायला हरकत नाही.

विषय: गावातच भरपूर आहेत

'यशाचा मंत्र' सांगणारे वक्ते पुष्कळ मिळतात. मानधनही चांगलं घेतात. माझं म्हणणं, एखादा दिवस त्यांना द्या, पण उरलेल्या दिवसांत गावाचंच काहीतरी घ्या. तीन प्रकार आमच्या आसपास चांगले जमले.

पहिला, मोडी कागदांची संध्याकाळ. जुन्या घरांत पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर, देवघराच्या फळीखाली कागदांची गाठोडी असतात. खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं, पावत्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडं हिशेब आणि दस्त बऱ्याच ठिकाणी मोडीत लिहायचे. आधी आडवी रेघ मारायची, मग बोरू फारसा न उचलता सलग लिहीत जायचं, शब्दांत जागा सोडायची नाही. त्यामुळं आज घरातल्या कुणालाच ते वाचता येत नाही. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा मोडी वाचणाऱ्या माणसाची किंमत एकदम सगळ्यांना कळली. कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी वाचायला माणसं शोधत फिरावं लागलं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे असेच गावोगाव फिरून दफ्तरं गोळा करायचे. त्यातनं 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे 22 खंड निघाले, आणि 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. त्यांच्या काळात कागद वाळवीनं आणि बंबात घालून संपत होते. आपल्याकडं आता पूर आहे. 2019 च्या महापुरात कृष्णाकाठच्या किती घरांतली गाठोडी भिजली आणि उकिरड्यावर गेली, त्याची कुठंच नोंद नाही. सांगली शहरातल्या जुन्या वाचनालयाचीसुद्धा हजारो पुस्तकं त्यात गेली.

अशा कार्यक्रमाला मोडी येणारे एक-दोन जण बोलवायचे. शासनाचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, तिथनं शिकलेली मंडळी आता बऱ्याच तालुक्यांत आहेत. इतिहासाच्या प्राध्यापकांना विचारलं तर नाव मिळतं. पहिला अर्धा तास लिपीची ओळख, मग लोकांनी आणलेले कागद.

इथं एक सावधगिरी, आणि ही अनुभवानं सांगतोय. खाजगी कागद माईकवर वाचायचा नाही. एका गावात हौसेनं वाटणीपत्र मोठ्यानं वाचलं, आणि दोन चुलत घरांत तिथंच जुंपली. विहिरीतला हिस्सा कुणाचा यावर. ती भांडणं अजून मिटलेली नाहीत. कागद ज्या घरचा त्या घरच्या माणसाला बाजूच्या टेबलावर बसवून वाचून दाखवायचा. मूळ कागद कुणालाही घेऊन जायला द्यायचा नाही, भले माणूस कितीही ओळखीचा असो. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता फोटो काढायचा. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. प्लास्टिकमध्ये गेलेला कागद परत नीट बाहेर काढता येत नाही.

दुसरा प्रकार जात्यावरच्या ओव्यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पुढं 'परी' या संस्थेनं त्या इंटरनेटवर आणल्या, मोबाईलवर ऐकता येतात. पण आपल्या गल्लीतल्या म्हातारीच्या ओव्या त्यात असतीलच असं नाही. गिरण्या आल्या, जाती उकिरड्याला लागली, आणि ज्यांनी स्वतः पहाटे उठून दळलं त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या पुढं आहेत.

आमच्या चुलतीला दोनशेच्या वर ओव्या यायच्या. मी मोबाईलवर तासभर रेकॉर्ड केलं. नंतर घेऊ अजून, म्हणून राहिलो. मोबाईल हौदात पडला, ते गेलं. पुढच्या पावसाळ्यात चुलती गेली. म्हणून सांगतो, रेकॉर्डिंग झालं की त्याच दिवशी दुसऱ्या दोन फोनवर आणि एका कॉम्प्युटरवर टाका. सोबत नाव, माहेरचं गाव, तारीख लिहा. आणि त्या बाईला विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. ओव्यांत सासरचं, नवऱ्याचं, दिराचं बरंच काही असतं. ते चार बायकांत गायलेलं असतं, आख्ख्या तालुक्यासाठी नाही.

या कार्यक्रमाला स्टेज लावू नका. एक खरं जातं आणून ठेवा. बायका जात्याभोवती बसल्या आणि खुंट्याला हात लागला की आठवायला लागतं. माईक पुढं धरला की गप्प होतात.

तिसरी, गावफेरी. सकाळी सात वाजता शाळेची पोरं, दोन जुनी माणसं आणि इतिहासाचा एक शिक्षक. देवळाबाहेर, वेशीत, पाराखाली जे कोरीव दगड पडलेले असतात त्यातले बरेचसे वीरगळ असतात. म्हणजे लढाईत किंवा गुरं वाचवताना मेलेल्या माणसाची आठवण. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा, आणि टोकाला चंद्र-सूर्य, असा त्याचा साधारण क्रम. खालनं वर वाचायचा. कोपरातनं वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा. हे एकदा पोरांना कळलं की ती घरच्यांना सांगतात, आणि मग त्या दगडावर शेंदूर फासायचं किंवा कपडे आपटायचं कमी होतं. फेरीला खर्च शून्य. नाष्ट्याला पोहे केले तर तेवढेच.

परवानगी

देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेत बिगर स्पीकरचा कार्यक्रम असेल तर ज्याची जागा त्याची लेखी संमती पुरे. स्पीकर लावायचा तर पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा लागतो. त्यात जागा, तारीख, वेळ, साधारण किती माणसं येतील आणि दोन जबाबदार माणसांची नावं-नंबर लिहा, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला जोडा. निदान आठ-दहा दिवस आधी द्या. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सवलत मिळू शकते, पण ते दिवस वरनं ठरलेले असतात, आपल्या अर्जावर मिळत नाहीत. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. व्याख्यानाच्या स्पीकरचा आवाजही त्यात बसतो का ते बघा. ज्यांचा बसतच नाही त्यांच्याबद्दल इथं लिहीत नाही.

नाटक, वगनाट्य, लोकनाट्य ठेवणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. बाहेरची पार्टी आणताना ते त्यांच्याकडं आहे का बघून घ्या.

पैसा

वर्गणी गोळा करणारं मंडळ नोंदणीकृत नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 41-क खाली धर्मादाय कार्यालयाकडनं तात्पुरती परवानगी घेतात. गणपती मंडळांना हे माहीत आहे, व्याख्यानमालावाले विसरतात. पावती पुस्तक छापा आणि कार्यक्रम झाल्यावर जमा-खर्च देवळाच्या भिंतीवर लावा. भिंतीवर हिशेब लागला की पुढच्या वर्षी वर्गणी मागायला जावं लागत नाही, लोक बोलवून देतात.

खर्चाचं म्हणाल तर मोठा बाऊ करायचं कारण नाही. आमचं पहिल्या वर्षी पैशाचं गणित चुकलं ते मंडप, डिजिटल फलक आणि हार-शालींत. दुसऱ्यांदा सभामंडप वापरला, खाली सतरंज्या टाकल्या, पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवली. राहिला साऊंड, वक्त्याचा प्रवास आणि मानधन, चहा. जे गाव सात दिवसांचा अखंड हरिनाम सप्ताह करतं, रोज एका आळीची पंगत लावतं, पहाऱ्याची पाळी वाटून घेतं, त्याला तीन दिवसांची व्याख्यानमाला जड जायला नको. पद्धत तीच वापरा. पहिला दिवस एका आळीकडं, दुसरा दुसरीकडं. ज्या आळीचा दिवस असतो त्या आळीची माणसं येतातच.

एकाच पुढाऱ्याकडनं सगळा खर्च घेऊ नका. आमच्या शेजारच्या एका गावातली चांगली चाललेली माला अशीच बंद पडली. देणाऱ्यानं पक्ष बदलला, निवडणुकीत दोन गट पडले, आणि व्याख्यानमाला 'त्यांची' झाली. गावची राहिली नाही.

लोक तिकीट काढून गावातला कार्यक्रम बघत नाहीत, असं कुणी म्हणालं तर त्याला झाडीपट्टीचं सांगा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागात भात निघाला की दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचं मुख्य ठाणं. लोक तिकीट काढतात, पाहुण्यांना नाटकाला म्हणून बोलावतात. तिथल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. सगळं त्यांचं आपल्याकडं जमेल असं नाही, पण 'लोक पैसे देत नाहीत' हे काही खरं नाही.

सत्कार

यावर थोडंच लिहितो, कारण लिहिलं तर राग येतो. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सतरा जणांचे सत्कार, मग वक्त्याला चिठ्ठी: 'वेळ कमी आहे, आवरा.' सगळे सत्कार मिळून दहा मिनिटं, असं आधी ठरवून सूत्रसंचालकाला सांगून ठेवा. शालीऐवजी पुस्तक द्या. वक्त्याला 45 मिनिटं आणि प्रश्नांना अर्धा तास. माईक श्रोत्यांत फिरवायला एक पोरगी ठेवा, पोरगा ठेवला तर तो बायकांच्या बाजूला जातच नाही.

गावात वाचनालय असेल तर

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानानं तर 1945 लाच असा कायदा केला होता. शासनमान्य वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, आणि अनुदान वर्गावर अवलंबून असतं. वर्ग वाढवायचा तर पुस्तकं, सभासद, वर्तमानपत्रं यांच्या नोंदी चोख लागतात, आणि वाचकांसाठी घेतलेले कार्यक्रमही दाखवता येतात. तेव्हा व्याख्यानमाला वाचनालयाच्या नावानं घेतली तर फोटो, हजेरी, वृत्तान्त रजिस्टरला लावून ठेवा. कुलूप लावलेल्या 'ड' वर्गाच्या खोलीत तीन दिवस माणसांची ये-जा झाली की पुढं रोज कुणीतरी कुलूप उघडायला लागतं, असं दोन गावांत बघितलंय. वाचनालय हा ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीतलाही विषय आहे, ग्रामसभेत मांडायला लाजू नका.

सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळचं भिलार 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव झालं. लोकांनी घरातल्या खोल्या, देवळं, शाळा पुस्तकांसाठी उघडून दिल्या. नंतर याच योजनेत आपल्या पलूस तालुक्यातलं अंकलखोपही आलं. ते औदुंबरला लागूनच आहे, एका दिवसात दोन्ही बघून होतं.

कार्यक्रमासाठी धरता येतील अशा काही तारखा: 14 ते 28 जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, 27 फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, 1 ऑगस्ट अण्णा भाऊंची जयंती, 12 ऑगस्ट ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, 5 नोव्हेंबर रंगभूमी दिन. द्राक्षवाल्यांनी ऑक्टोबरची तारीख सोडून द्यावी.

आमच्या गावानं आता जानेवारीतला पंधरवडा धरलाय. पहिला दिवस दुपारी तीनला, मोडी कागदांचा. लाईट त्या आठवड्यात दिवसाची आहे का, ते वायरमनला विचारून झालं की तारीख जाहीर करणार.